मदत हवी आहे: ऑगस्टमधलं रोम आणि सत्तरीचे आई-बाबा

आम्हाला सुट्टी मिळतेय ती नेमकी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, त्यामुळे "एप्रिलमध्ये जा" हा सल्ला कृपया नको. रोममध्ये चार दिवस आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. (त्यातल्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना विचारणारच आहोत.)

तिथे दुपारी पारा 35 अंशांच्या वर जाणं नवलाचं नाही. पाण्याची चिंता नाही. 'नाझोनी' म्हणजे पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ शहरभर आहेत. खरी धास्ती आहे ती उन्हातल्या रांगांची. कोलोसियमचं वेळ ठरवून तिकीट काढलं तरी सुरक्षा तपासणीला उभं राहावं लागतंच, आणि पुढे रोमन फोरममध्ये (प्राचीन रोमचे उघड्यावरचे अवशेष) सावली अगदी थोडी. सकाळच्या पहिल्या वेळेत तेवढंच उरकून दुपारभर खोलीवर पडून राहायचं, असं केलं तर जमेल का? की संध्याकाळ बरी? पण तोवर दगड तापून लाल झालेले असणार.

व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकावे लागतात, म्हणजे माझी हाफ पँट बाद. तिथली रांग सकाळी किती वाजेपर्यंत आटोक्यात असते?

आणखी एक. 15 ऑगस्टला तिथे 'फेरागोस्तो'ची सुट्टी असते. त्या दिवशी औषधाचं दुकान उघडं सापडलं होतं का कुणाला? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.