‘नुसत्या माकडउड्या’ म्हणणाऱ्यांनो, बादल्यांचा सीन पाहिलाय का?

जुनी रीळ
काल या फोरमवर एकाने लिहिलं, “हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचे कुंग-फू पिक्चर म्हणजे पुठ्ठ्याचे महाल, खोटे आवाज आणि नुसत्या माकडउड्या. २००० साली ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ आला तेव्हा कुठे या प्रकाराला इज्जत मिळाली.” दोन ओळी खरडून झोपणार होतो, पण डोकं शांत होईना.

१९७८चा ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ घ्या. चीनमधल्या छिंग राजवटीच्या जुलमातून निसटलेला पोरगा शाओलिनच्या बौद्ध मठात येतो. पहिला धडा म्हणजे जेवणघरापुढचं पाणी. त्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून पलीकडे जायचं, मगच जेवण. पुढे पाण्याच्या बादल्या. हात आडवे ताठ धरायचे, दंडाला सुरे बांधलेले. हात खाली आला की पातं बरगडीत. पिक्चरचा मधला केवढा तरी भाग ही मेहनतच आहे, आणि तीच खरी गोष्ट आहे. कॅमेरा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दाखवतो, लपायला जागाच नाही.

दिग्दर्शक लाउ कार-लेउंगचे वडील लाम साय-विंगचे शिष्य, आणि लाम साय-विंग खुद्द वाँग फेई-हुंग या नामांकित कुंग-फू उस्तादाचे. घराण्यात शिकलेली विद्या तो पडद्यावर मांडत होता. तिला माकडउड्या म्हणायचं?

बांबूचं बन
साफ असहमत. घाम दिसला तरच खरं, हा कुठला नियम? दिग्दर्शक किंग हूचा ‘अ टच ऑफ झेन’ बघा. छिंगच्या आधीच्या मिंग काळातली गोष्ट, तीन तासांचा पिक्चर, पहिली मारामारी यायला तासभर लागतो. बांबूच्या बनातली ती लढत ट्रॅम्पोलिनवरच्या उड्या आणि संकलकाची कात्री यांच्या जोरावर उभी आहे. तिची मांडणी करणारा हान यिंग-चिएह पेकिंग ऑपेरा या चिनी नाट्यप्रकारात तयार झालेला. १९७५ साली कान चित्रपट महोत्सवात तांत्रिक पारितोषिक मिळालं ते याच पिक्चरला. म्हणजे २००० सालापर्यंत थांबायची गरज नव्हती, एवढं तुमच्या बाजूने मान्य.

पण तुमच्या लाडक्या शॉ ब्रदर्सबद्दल माझा वेगळाच राग आहे. १९६६च्या ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये नायिका चेंग पेई-पेई तलवार घेऊन खानावळीत एकटी बसते आणि अख्खी टोळी तिला वचकते. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक चँग चेहचा ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ आला आणि उघड्या छातीच्या पुरुषांचा जमाना सुरू झाला. बायका कडेला, रडायला. तीच पेई-पेई २००० साली ‘क्राउचिंग टायगर’मध्ये दिसली, तीही खलनायिका म्हणून. यावर कुणी बोलत नाही.

दंडबैठक
तुम्ही दोघं कशाला भांडताय? मुळात ही विद्या आपली. बोधिधर्म हा बौद्ध भिक्षू इथून चीनला गेला, त्याने शाओलिनच्या भिक्षूंना शिकवलं. आमच्या कराटे क्लासमध्ये त्याची तसबीर होती, सर रोज नमस्कार करायला लावायचे.

शिलालेख
तसबीर हा पुरावा होत नाही. मठ ४९५ साली बांधला गेला तो बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी, ते नातं पक्कं आहे. ६२१ साली तेरा भिक्षूंनी ली शिमिनला, म्हणजे पुढे तांग बादशहा झालेल्या सरदाराला, लढाईत मदत केली, ती मठातल्या ७२८च्या शिलालेखात कोरलेली आहे. बोधिधर्माचं नाव कसरतीशी जोडलं गेलं ते ‘यीजिन चिंग’ या पोथीमुळे, आणि ती सतराव्या शतकातली. मधली हजार वर्षं कुठे गेली?

दंडबैठक
म्हणजे आपल्याकडचं काही तिकडे गेलं असं म्हटलं की लगेच पोथीचं साल काढायचं! माझे आजोबा गावात फुकट मल्लखांब शिकवायचे. खांबाला एरंडेल चोळायचं कामही तेच करायचे. तालमीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा दुरुस्तीला एक जण पुढे आला नाही. आणि ज्या पोरांना तिथे यायला लाज वाटायची ती व्हिडिओवर चिनी पिक्चर बघून चौकात लाथा मारायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचा शिलालेख ठेवा तुमच्यापाशी.

शिलालेख
आजोबांबद्दल एक शब्द वावगा बोललो नाही, तो अर्थ काढू नका. मल्लखांब मोठा आहेच, त्याला बोधिधर्माच्या कुबड्या कशाला हव्यात? दंतकथा चिन्यांच्याही मी मानत नाही. छिंग फौजांनी शाओलिन जाळलं, यावर कितीतरी पिक्चर उभे आहेत. तो प्रसंग गुप्त मंडळींच्या आख्यायिकांतला. चीनच्या हनान प्रांतातला हा मठ खरोखर जळाला १९२८ साली, तेव्हा छिंग बादशहा उरलाच नव्हता. जाळणारा होता श्र योउसान नावाचा सेनापती.

दंडबैठक
१९२८चं माहीत नव्हतं. तेवढं घेतो. बोधिधर्म सोडत नाही.

जुनी रीळ
धागा माझा आहे, आता परत मुद्द्यावर या. मल्लखांबाचं वाचून मात्र आत काहीतरी हललं.

लहानपणी वाड्यात वर्गणी काढून व्हीसीआर आणायचो. रिमोट मोठ्या पोरांच्या हातात. हाणामारी आली की प्ले, मेहनत आली की फॉरवर्ड. बादल्यांचा सीन मी कॉलेज संपल्यावर पहिल्यांदा पाहिला. त्या दिवशी कळलं की आपण इतकी वर्षं शेवट बघत होतो, पिक्चर पाहिलाच नव्हता. काल ‘माकडउड्या’ वाचलं तेव्हा तो रिमोट आठवला, म्हणून एवढं लागलं.

बांबूचं बन, ट्रॅम्पोलिनचं मान्य. किंग हूला मी कमी लेखलं. पेई-पेईबद्दलचा तुमचा रागही रास्त आहे, उत्तर नाही माझ्याकडे. ‘क्राउचिंग टायगर’सारख्या तारेवर लटकून केलेल्या लढाईला मात्र मी मेहनतीच्या पंक्तीत बसवणार नाही.

बांबूचं बन
तारेवर लटकायलाही पोटात ताकद लागते, पण तो वाद पुन्हा कधीतरी. रविवारी भाची येणार आहे, बारा वर्षांची. तिला आधी खानावळीत एकटी बसलेली पेई-पेई दाखवणार, मग तुमच्या बादल्या. ओंडक्यांचा भाग फॉरवर्ड करणार नाही, एवढा शब्द देते.