शब्दचर्चा : मुंबई बंदरातील 'कूड'

प्रश्न : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोटीवर नोकरी मिळवण्यासाठी गोव्याहून मुंबईला आलेल्या एका तरुणाविषयी वाचताना 'जहाज मिळेपर्यंत तो कुडात राहिला' असे वाक्य आढळले. कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणामातीने लिंपलेली कुडाची भिंत मला ठाऊक आहे. येथे झोपडी असा अर्थ घ्यावा काय?

उत्तर : तसा अर्थ घेऊ नये. आपण म्हणता तो मराठी 'कूड' संस्कृत 'कुड्य' म्हणजे भिंत या शब्दावरून आला आहे. मुंबईतील गोवेकरांची 'कूड' हा कोकणी शब्द असून त्याचा अर्थ खोली असा आहे, आणि तो स्त्रीलिंगी आहे. धोबी तलाव, माझगाव या भागांत एकेका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या मोठ्या खोल्यांना हे नाव पडले. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईची आगबोटींची वाहतूक वाढली आणि बोटींवर आचारी, वाढपी म्हणून गोव्याच्या तरुणांना मागणी आली. परंतु एका सफरीहून परतल्यावर दुसरी मिळेपर्यंतचा काळ बंदरात बेकारीतच काढावा लागे. अशा वेळी हाती पैसा नसलेल्या मुलाला कुडीत जमिनीवर चटई पसरण्यापुरती जागा मिळे, भिंतीलगत त्याची पेटी राही, आणि तो समुद्रावर असतानाही ती पेटी गावकऱ्यांच्या नजरेखाली सुरक्षित असे. खोलीच्या एका टोकाला गावच्या संताची वेदी असे व संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला सर्वांनी हजर राहावे असा दंडक असे. कोणत्या बोटीवर माणसे हवी आहेत, ही बातमीही तेथेच कळे. अपोलो बंदराजवळ 1876 मध्ये पूर्ण झालेले भव्य खलाशीगृह, जेथे आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे, युरोपीय खलाशांसाठी होते. गोव्याच्या मुलाला आधार होता तो त्याच्या गावाचाच.

म्हणूनच 'वसतिगृह' किंवा 'धर्मशाळा' हे प्रतिशब्द मला अपुरे वाटतात, कारण त्यांत गावाचे नाते येत नाही. कोकणातल्या चाकरमान्यांची 'गावकीची खोली' हा आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द होय. तरीही मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात 'गावकऱ्यांची सामाईक खोली' असा खुलासा करावा, हे उत्तम. मात्र 'कुडीत' हे रूप वापरल्यास मराठी वाचकाला प्रथम देह आठवेल, तेव्हा 'कूडमध्ये' असे लिहिणे सोयीचे ठरेल.

प्रश्न : आभारी आहे. त्या तरुणाला 'खलाशी' म्हणावे काय?

उत्तर : तो डेकवर काम करीत असेल तर जरूर म्हणावे. स्वयंपाकघरात किंवा उतारूंच्या दिमतीला असेल, तर मराठीत 'खलाशी' म्हटल्याने दोर ओढणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. कोकणीत 'तारू'वरून झालेला 'तारवटी' हा शब्द बोटीवरच्या कोणत्याही नोकरासाठी चालतो. 'तारू' मराठीतही आहेच, त्यामुळे तो आपल्या वाचकाला परका वाटणार नाही.