बचत गटाची अध्यक्ष झाले. नेतृत्व शिकायचे कसे?

रातांबा_गुहागर:
गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीच्या महिला बचत गटाने यंदा मला अध्यक्ष केले. आम्ही आमसूल आणि कोकम आगळ तयार करून चिपळूणच्या दुकानदारांना आणि गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांना विकतो. बँक, हिशेब आणि दुकानदारांशी बोलणी हे सारे मला जमते. मात्र बैठकीत मी विषय मांडला की सगळ्या जणी माना डोलावतात आणि घरी जाताना वाटेत निराळेच बोलतात. शिवाय सोपवलेले काम फिरून माझ्याकडेच येते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराचा काही उपयोग होईल का?

खाडीपलीकडे:
ताई, अशा शिबिरांत बहुधा भाषण कसे करावे हे शिकवतात, आणि तुमची अडचण भाषणाची नाही. बचत गटांच्या पाच नियमांच्या पंचसूत्रीतील नियमित बैठक ही बहुतेक गटांत बचत गोळा करण्यापुरती उरते, पण नेतृत्वाचा सराव करण्यासाठी तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. विषय मांडताना आपले मत राखून ठेवावे, जी सर्वांत कमी बोलते तिला आधी विचारावे, आणि ‘पटते ना?’ असे न विचारता ‘यात अडचण कुठे येईल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला होकाराखेरीज उत्तरच उरत नाही. उठण्यापूर्वी काय ठरले, ते कोण करणार आणि केव्हापर्यंत, हे इतिवृत्तातून मोठ्याने वाचून घ्यावे.

काम परत येते, कारण आपण काम देतो पण अधिकार देत नाही. मेअखेरीस आभाळ भरून आले तर वाळत घातलेली सोले, म्हणजे कोकमाच्या साली, उचलायची की ठेवायची, हे अंगणात उभी असलेल्या बाईनेच ठरवायला हवे. तिने त्यासाठी तुम्हाला फोन केला, तर काम तुमच्याकडेच राहिले असे समजावे. बाटल्या आणायला जाणारीलाही किती रुपयांपर्यंतची खरेदी स्वतः ठरवता येईल, हे आधीच सांगून ठेवावे. एखादा निर्णय चुकेल आणि थोडा माल भिजेल, तेवढे सोसण्याची तयारी मात्र हवी.

हर्णै_बंदर:
मी मच्छीमार सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर आहे. समुद्रात तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, शब्द अखेरचा असतो आणि तो तसाच असावा, कारण वारा फिरल्यावर मते घेत बसता येत नाही. तोच तांडेल संस्थेचा अध्यक्ष झाला की तिथेही हुकूम सोडू लागतो. पण सहकारात प्रत्येक सभासदाला एकच मत असते आणि नाराज सभासद भांडत बसत नाही, आपली मासळी गुपचूप दुसऱ्या व्यापाऱ्याला देतो. कोणता निर्णय तातडीचा आणि कोणता सर्वांना विचारून घ्यायचा, हे ओळखणे मला या पदावरचे सर्वांत अवघड काम वाटते. आम्ही असे वादाचे विषय जून-जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळात घेतो, कारण तेव्हा सगळे किनाऱ्यावर असतात.

आडवाटेचा_माड:
वरील सूचना योग्य आहेत, तरी माझ्या मते मूळ कारण वेगळे आहे. दुकानदार काय भाव देतो आणि खात्यात किती शिल्लक आहे हे एकट्या अध्यक्षांनाच ठाऊक असेल, तर बाकीच्या कशाच्या आधारावर बोलणार? चिपळूणला जाताना दर वेळी वेगळ्या सदस्येला बरोबर न्यावे, तिलाच भाव ठरवू द्यावा, आणि हिशेबाची वही आणखी दोघींना लिहायला शिकवावी. चारचौघांत बोलण्याची सवय करायची असेल, तर ग्रामसभेच्या आधी होणारी महिला सभा आहेच. पाणी, रस्ता, दिवाबत्ती यांवर तिथे बोललेली बाई गटाच्या बैठकीत गप्प बसत नाही.

रातांबा_गुहागर:
आभारी आहे. वही येत्या बैठकीपासून दोघींकडे देते. एकच शंका उरली: आमच्या गटातली एक हुशार सदस्य तिच्या चुलत सासूबाईंसमोर तोंडच उघडत नाही. तिला आधी विचारले तर ती आणखीच अवघडेल.

खाडीपलीकडे:
मग तिला मत विचारूच नका, अहवाल द्यायला सांगा. बाटल्या भरण्याचे आणि लेबलांचे काम तिच्याकडे सोपवा आणि दर बैठकीत किती माल भरला, किती बाटल्या फुटल्या, काय कमी पडले एवढेच तिने सांगावे असे ठरवा. मोठ्यांसमोर मत मांडणे आगाऊपणाचे वाटते, हिशेब सांगणे तसे वाटत नाही. सासूबाईंना बाटल्यांविषयी काही विचारायचे असेल तर त्या तिलाच विचारतील. त्या वेळी तुम्ही मधे पडून उत्तर देऊ नका.