बूलला कम्प्युटरचा जनक म्हणणं बंद करा

तर्कट: आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर काल फॉरवर्ड आलं, "जॉर्ज बूलने कम्प्युटरचा शोध लावला आणि ती आयडिया त्याला भारतातून मिळाली". दोन्ही बाता. बूल हा इंग्रज गणिती, वारला १८६४ ला, त्याला माणूस विचार कसा करतो ते बीजगणितात मांडायचं होतं, मशीनचा त्यात संबंधच नव्हता. बरं आपण शिकतो ते ऑर गेट (दोनपैकी एक तरी 'हो' असलं की 'हो' म्हणणारं सर्किट), तेसुद्धा जसंच्या तसं त्याचं नाही, त्याची बेरीज दोन गटांत काहीच सामाईक नसेल तरच चालायची, ती अट त्याच्यामागून आलेल्या जेव्हन्स या तर्कशास्त्रज्ञाने काढली. रिलेच्या (म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) सर्किटला हे गणित लावलं क्लॉड शॅनन या अमेरिकन इंजिनिअरने, १९३७ च्या एमआयटीतल्या मास्टर्स थिसिसमध्ये. जनक म्हणायचंच तर त्याला म्हणा.

रिलेवाला: अहो पण शॅननला ते मिळालं कुठून? मिशिगनला फिलॉसॉफीच्या कोर्सात बूल शिकला म्हणून ना! क्षचा वर्ग म्हणजे क्षच, हे फक्त शून्य आणि एकाला लागू पडतं, एवढं धरून अख्खं तर्कशास्त्र उभं करायचं म्हणजे खायचं काम नाही. मी पॉलिटेक्निकला डिजिटल शिकवतो, माझी भाकरीच त्याच्यावर आहे. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, हातात डिग्री नाही, आणि १८४९ ला कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात थेट प्रोफेसर झाला. आमच्याकडे नेट झालेली पोरं तासिका तत्त्वावर राबतायत, मानधन महिनोन्महिने येत नाही, त्यावर बोला की कोणीतरी.

झोपाळा: भारताचं नाव आलं की लगेच "बाता"? बूलच्या बायकोने, मेरीने, १९०१ ला जगदीशचंद्र बोसांना लिहिलेलं पत्र वाचा. आपला नवरा, यांत्रिक गणकयंत्राचा आराखडा करणारा बॅबेज, गणिती द मॉर्गन, तिघांवर भारतीय विचारांचा प्रभाव होता असं ती स्वतः लिहिते. तिचे काका जॉर्ज एव्हरेस्ट, अर्धं आयुष्य हिंदुस्थानच्या मोजणीत घातलेला माणूस. द मॉर्गन तर जन्मलाच मदुराईत. माझे आजोबा वाईला न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, शिकले होते, त्यातलं अवच्छेदक (गोष्टीची मर्यादा नेमकी ठरवणारा गुण) म्हणजे काय ते मला लहानपणी समजावून सांगायचे, त्यामुळे पुढे इंजिनिअरिंगला लॉजिक आलं तेव्हा मला काही नवं वाटलंच नाही. आपल्या घरातलं ज्ञान परक्याच्या नावावर चढतं, राग येऊ नये का?

तर्कट: द मॉर्गनला तान्हा असतानाच इंग्लंडला नेलं, तो मदुराईत काय शिकणार? आणि तारखा बघा. बूलचं लॉजिकवरचं पहिलं पुस्तक १८४७ चं, मेरीशी ओळख १८५० ला, लग्न १८५५ ला. आधी पुस्तक, मग एव्हरेस्टची पुतणी. पत्र तर नवरा गेल्यावर जवळजवळ सदतीस वर्षांनी लिहिलंय.

झोपाळा: १८४७ चं मान्य, बास? पण मोठा ग्रंथ १८५४ चा, तोवर ओळख झाली होती. आणि एव्हरेस्ट म्हणताय तर राधानाथ सिकदारांचंही नाव घ्या. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचं गणित केलं त्यांनी आणि नाव लागलं साहेबाचं, कायम हेच होतं आपलं.

सदाशिव: सिकदारांवर अन्याय झाला, शंभर टक्के. पण तेवढ्याने बूल चोर ठरत नाही. न्यायशास्त्रातला गंगेशाचा तत्त्वचिंतामणी हा ग्रंथ चौदाव्या शतकातला, अनुमान नेमकं मांडायची भाषा त्या परंपरेने घडवली, तिला बूलची शिफारस हवीच कशाला? फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी मूळ ग्रंथ उघडला तरी आहे का?

झोपाळा: आमच्या घरात तो शिकवला जायचा. तुम्ही कुणाकडे शिकलात ते सांगा आधी, मग आम्हाला विचारा.

तर्कट: मूळ मुद्द्यावर येऊया. शून्य-एकाचं श्रेय बूलचं, दिलं. पण जपानमध्ये नाकाशिमा या इंजिनिअरने १९३० च्या दशकात रिलेच्या सर्किटवरूनच हे नियम काढले, हे बूलचंच बीजगणित आहे हे त्याला मागाहून कळलं. म्हणजे बूल नसता तरी सर्किटवाले तिथे पोचलेच असते.

रिलेवाला: पोचले, पण जवळपास नव्वद वर्षांनी! तेच तर मी मघापासून सांगतोय. आणि तासिकावाल्या पोरांबद्दल अजून एकानेही चकार शब्द काढलेला नाही.