प्रतिसाद: अडचण धावपट्टीची आहे

छोट्या बेटांवर सेवा देणाऱ्या लहान विमान कंपन्यांनी जुनी विमाने मोडीत काढून सरळ एटीआर (पंख्याच्या इंजिनांची, त्याहून मोठी प्रवासी विमाने) घ्यावीत, ही सूचना कागदावर पटण्यासारखी आहे. मात्र कॅरिबियनमधील साबा बेटावरची धावपट्टी जेमतेम 400 मीटरची असून दोन्ही टोकांना कडा तुटून थेट समुद्र येतो, आणि स्कॉटलंडमधील बारा येथे तर विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवरच उतरते, त्यामुळे वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून आखावे लागते. एटीआर कंपनीने सुमारे 800 मीटर धावपट्टीसाठी योजलेली 42-600एस ही आवृत्तीही 2024 मध्ये गुंडाळली. म्हणजे फिरून फिरून गाडी ट्विन ऑटर, आयलँडर किंवा डॉर्नियर 228 या आखूड धावपट्टीवर चालणाऱ्या छोट्या विमानांवरच येते. यांपैकी पहिल्या दोहोंचे मूळ आराखडे 1965 च्या सुमाराचे आहेत! ट्विन ऑटरचे उत्पादन 1988 मध्ये थांबले होते. पुढे व्हायकिंग कंपनीने ते नव्याने सुरू केले, हे या बेटांवरच्या विमान कंपन्यांचे नशीबच म्हणायचे.

विमानाचे वय केवळ वर्षांत मोजणे मला अपुरे वाटते. स्कॉटलंडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या बेटांमधले उड्डाण दोनेक मिनिटांचे असते, तरीही प्रत्येक वेळी चाकांना उतरण्याचा पूर्ण धक्का बसतो आणि इंजिनाला पूर्ण ताकदीने उड्डाण घ्यावे लागते. त्यात खारी हवा. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या कडेने रंगाला फुगवटा दिसला, की आतला पत्रा खाल्ला जात असल्याची शंका घ्यावीच लागते, आणि अशा दुरुस्तीसाठी विमान जमिनीवर असताना दोन-तीन विमानांच्या कंपनीकडे पर्यायी विमान क्वचितच असते.