हातपंपाच्या पाण्यातील फ्लोराइड: धाकट्याचे काय करावे?

प्रश्न (एक आई, यवतमाळ जिल्हा)
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे पुढचे कायमचे दात आले तेच तपकिरी पट्टे घेऊन, आणि आता ती तोंडावर हात धरल्याशिवाय हसत नाही. हातपंपाचे पाणी तपासून घेतले, तेव्हा लिटरमागे २.६ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. मी पाणी उकळून देते. तेवढे पुरेल का? धाकटा दोन वर्षांचा आहे. फ्लोराइडमुळे मुलांची बुद्धी मंदावते असे वाचल्यापासून मनाला चैन नाही.

उत्तर (दंतवैद्य)
उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. मुलीच्या दातांचे कवच हिरडीच्या आत घडत असतानाच हे पट्टे पडले, म्हणून ते घासून जाणार नाहीत, पण दंतवैद्य उपचारांनी ते फिके करू किंवा झाकू शकतो. धाकट्याचे कायमचे पुढचे दात मात्र आत्ता घडत आहेत, त्यामुळे त्याचे पाणी आजच बदला, आणि केवळ पिण्याचे नव्हे, तर ज्यात वरणभात शिजतो तेही.

उत्तर (अमेरिकेत राहणारी एक आई)
इथे दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम फ्लोराइड राखण्याची शिफारस आहे. २०२४ मध्ये येथील राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने जुन्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले, की १.५ पेक्षा अधिक फ्लोराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो आणि या निष्कर्षावरील विश्वास मध्यम आहे, ०.७ बद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहिती त्यांना मिळाली नाही. तुमचे पाणी या पहिल्या गटात मोडते, म्हणून ते बदलणे योग्यच. परंतु ही अनेक मुलांची सरासरी आहे, तीवरून तुमच्या मुलीची बुद्धी ठरत नाही.

उत्तर (पाणीपुरवठ्यातील निवृत्त अभियंता)
खोल बोअरचे पाणी खडकात दीर्घकाळ मुरलेले असते, त्यामुळे जवळच्या उथळ विहिरीचे पाणी आधी तपासा. बहुधा त्यात फ्लोराइड कमी निघते, जंतूंसाठी मात्र ते उकळावे लागेल. साठवलेले पावसाचे पाणीही चालेल. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड गाळासोबत खाली बसवतात, परंतु मात्रा पाण्यानुसार ठरते. ती अंदाजाने घालू नका. आरओ यंत्र घेतलेत तर त्यातून आलेले पाणीही तपासून घ्या.

प्रश्नकर्ती
शेतातल्या विहिरीचे पाणी उद्याच तपासायला देते.