इम्फाळच्या हरिकेनवर लाल ठिपका?

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ):
कापसाचा चुकारा हाती आल्यावर मी दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन या लढाऊ विमानाचे 1:72 प्रमाणातले मॉडेल मागवले. डब्यावर ‘टू-सी, भारतीय वायुदल, इम्फाळ, 1944’ असे छापले आहे (टू-सी हा हरिकेनचा एक प्रकार), मात्र पंखावरच्या गोल चिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका आहे. हे बरोबर आहे काय?

उत्तर (काटोल):
नाही, भाऊ. जपानी विमानांवर लाल गोळा असे, त्यामुळे गफलतीने आपल्याच विमानांवर गोळीबार होऊ नये म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चिन्हातला लाल रंग काढून गडद आणि फिकट निळा तेवढा ठेवला होता. फुटपट्टीही लावून पाहा; खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 12.19 मीटर होता, तेव्हा तुमच्याकडे तो सुमारे 17 सेंटिमीटर भरायला हवा.

प्रश्नकर्ता:
माप बरोबर भरले. पण प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला सहा बारीक छिद्रे दिसतात.

उत्तर (देवळी, वर्धा):
मग साचा टू-बीचा आहे, कारण बारा मशीनगन त्याला होत्या. टू-सीला 20 मिलिमीटरच्या चार तोफा असत आणि त्यांच्या नळ्या कडेच्या बऱ्याच पुढे आलेल्या दिसत. ठिपका रंगवून झाकता येईल, छिद्रांचे काय करणार? विक्रेत्याला फोटो पाठवून मॉडेल परत करावे. संग्रहालयातल्या विमानावरून मात्र रंग ताडू नका, ती पुष्कळदा नंतर रंगवलेली असतात.